बादली आणि थैली : फिलाडेल्फियाच्या स्वयंसेवी अग्निशमनाविषयी

संस्थांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा संस्थापकांपासून सुरुवात करतो, मग इमारती, मग वर्धापनदिन. संस्थेने स्वतःसाठी लिहिलेला मजकूर, म्हणजे करारनामा, सभासदत्वाच्या अटी, दंडाची कलमे, हा रूक्ष ऐवज समजून परिशिष्टात ढकलला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने तरी तसे करू नये. 'आम्ही खाली सह्या करणारे' अशा शब्दांनी उघडणाऱ्या मजकुरात 'आम्ही' हे सर्वनाम नेमके कोणाकोणाला कवेत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न कवितेतल्या 'मी'इतकाच वाचनाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका करारनाम्याचे आणि त्यातून उभ्या राहिलेल्या परंपरेचे वाचन करायचे आहे. करारनामा आहे ७ डिसेंबर १७३६ चा, गाव आहे फिलाडेल्फिया आणि विषय आहे आग विझवण्याचा.

आपल्याकडे आगीचा बंब म्हटला की नगरपालिका डोळ्यांसमोर येते. बंब, त्यावरची माणसे आणि त्यांचा पगार ही सर्व शासनाची जबाबदारी, हे आपण गृहीत धरलेले असते. अमेरिकेत मात्र आजही अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. दिवसा आपापला उद्योग करणारी ही माणसे भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावतात. ही रीत त्या देशात जिथे प्रथम पक्की झाली त्या गावांत फिलाडेल्फियाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विल्यम पेनने १६८२ साली फिलाडेल्फियाची आखणी केली तेव्हा आगीची भीती त्याच्या मनात ताजी होती. लंडनमधील १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ चा महाभयंकर अग्निप्रलय त्याच्या पिढीने पाहिलेला होता. म्हणून त्याने रुंद, काटकोनी रस्ते आखले आणि प्रत्येक घर आपल्या जागेच्या मध्यभागी असावे, भोवती बागा-मळे असावेत, म्हणजे असे हिरवे गाव कधी जळणार नाही, अशी इच्छा लिहून ठेवली. गावाने ती फारशी मनावर घेतली नाही. सगळा व्यापार डेलावेअर नदीच्या धक्क्यांवर असल्याने लोकांनी नदीकाठीच दाटी केली. पेनने आखलेल्या मोठ्या जागांचे तुकडे पडले, मधून बोळ निघाले, घराला घर चिकटले. १७३० च्या एप्रिलमध्ये फिशबोर्नच्या धक्क्यावर आग लागली आणि गोदामांसह काही घरे जळून गेली. त्यानंतर नगरसभेने बंब, शिड्या, आकडे आणि चामडी बादल्या मागवल्या. यापूर्वी, १७१८ साली, गावाने एक बंब विकत घेतलेला होताच.

साधने आली, पण ती चालवणार कोण? इथे त्या नगरसभेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. १७०१ च्या सनदेने निर्माण झालेली ही सभा लोकांनी निवडून दिलेली नव्हती. रिकाम्या झालेल्या जागा तिचे सभासदच भरत असत. कर बसवण्याचे तिचे अधिकार तोकडे होते आणि करापोटी लोकांपुढे हात पसरण्याची नैतिक ताकद त्याहूनही तोकडी होती. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास. म्हणजे संकट शहराचे, पण यंत्रणा खेड्याची, अशी ती अवस्था होती. शासन कमजोर आणि गरज निकडीची अशा ठिकाणी मंडळ्या उगवतात. ग्रंथालय, रुग्णालय, विमा, अग्निशमन या सर्व बाबतींत फिलाडेल्फियाने पुढील वीस-पंचवीस वर्षांत मंडळ्यांचाच मार्ग धरला.

या मंडळ्यांपैकी बऱ्याच ठिकाणी एक नाव येते, ते बेंजामिन फ्रँकलिनचे. बॉस्टनमध्ये जन्मलेला हा तरुण १७२३ साली फिलाडेल्फियात आला. १७२७ साली त्याने मित्रांचे चर्चामंडळ काढले, १७२९ साली 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हे वृत्तपत्र ताब्यात घेतले आणि १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय उभे केले. पण तो मुळात मुद्रक होता, आणि आगीच्या प्रश्नालाही त्याने प्रथम हात घातला तो मुद्रकाच्या पद्धतीने. ४ फेब्रुवारी १७३५ च्या 'गॅझेट'मध्ये एक पत्र छापून आले. पत्रलेखक आपण वयोवृद्ध नागरिक असल्याचे सांगतो आणि खाली 'ए. ए.' एवढीच सही करतो. प्रत्यक्षात पत्र फ्रँकलिनचेच होते आणि तेव्हा त्याचे वय होते एकोणतीस!

हे पत्र मुळातून वाचण्यासारखे आहे. वृद्धाचा मुखवटा घेतल्यामुळे लेखकाला उपदेश करण्याचा अधिकार मिळतो आणि थोडे खट्याळ होण्याची मुभाही मिळते. उघड्या फावड्यावर निखारे घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत किंवा जिन्यावरून वर जाऊ नका, निखारे नेण्यासाठी झाकणाचे भांडे वापरा, असे तो सांगतो. एखादी ठिणगी फटीत पडून राहिली तर मध्यरात्री खिडकीतून उडी टाकायची वेळ येईल, आणि तीही फार भाजून निघू नये म्हणून, असा त्याचा विनोद आहे. धुराडी साफ करणाऱ्यांना नगराध्यक्षाने परवाने द्यावेत आणि कामात हयगय झाली तर जाब विचारावा, अशीही सूचना आहे. बॉस्टनमध्ये प्रत्येक बंबाशी माणसांचा एक-एक गट बांधलेला असतो, तसे येथे का नसावे, असा प्रश्नही तो करतो. थोडीशी खबरदारी ही मोठ्या इलाजाच्या तोलाची, अशा आशयाची जी इंग्रजी म्हण आज आरोग्याच्या संदर्भात हटकून ऐकू येते ती या पत्रात आगीच्या संदर्भात आली आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना आपल्या भाषेने जो टोला दिला आहे त्याच जातीचा तो टोला आहे.

सुमारे पावणेदोन वर्षांनी 'युनियन फायर कंपनी' स्थापन झाली. यातल्या 'कंपनी' शब्दाचा अर्थ व्यापारी पेढी असा न घेता 'मंडळी' असा घ्यावा. तिचा करारनामा थोडक्यात असा : प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने चामड्याच्या दोन बादल्या आणि जाड तागाच्या कापडाच्या चार थैल्या बाळगाव्यात. थैलीच्या तोंडाशी ओढून बंद करण्याची दोरी असावी. बादल्या-थैल्यांवर सभासदाच्या नावाची आद्याक्षरे घालावीत. त्या दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नयेत. आगीची आरोळी ऐकताच त्या घेऊन धावावे. रात्रीची वेळ असेल तर खिडक्यांत दिवे लावावेत, म्हणजे अंधारात गोंधळ होणार नाही आणि चोरांचे फावणार नाही. जळत्या घराच्या दाराशी दोघा सभासदांनी पहारा करावा, थैल्यांत भरलेले सामान सुरक्षित जागी पोचेपर्यंत हलू नये. महिन्यातून एकदा संध्याकाळी जमावे. नियम मोडणाऱ्याने दंड भरावा.

बादली कशासाठी हे सांगायला नको. गर्दीच्या गावात हाताने हलवायचा बंब येई, त्याच्या हौदात पाणी ओतावे लागे, आणि विहिरीपासून बंबापर्यंत माणसांच्या रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे आणि रिकाम्या मागे जात. बादलीचे पाणी कोणाच्या घरावर पडायचे हे आगच ठरवी. थैलीचे तसे नाही. थैली भरणारा माणूस कोणाचे तरी सामान उचलत असतो, आणि ते कोणाचे, हे तो ठरवत असतो. करारनाम्यात याबाबत दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. साधने कशासाठी हे सांगताना आपल्या आणि आपल्या सहनागरिकांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी, असा व्यापक सूर आहे. प्रत्यक्ष कृतीचा क्रम सांगताना मात्र आपल्यापैकी ज्याचे घर धोक्यात असेल त्याचे सामान थैल्यांत भरावे आणि एकाहून अधिक सभासद संकटात असतील तर मंडळीने समान विभागून मदत करावी, असा आखडता सूर आहे. बॉस्टनमध्ये १७१७ साली निघालेली अग्निसंस्था मुख्यतः या दुसऱ्या, म्हणजे परस्परांच्या सामानरक्षणाच्या प्रकारची होती. फिलाडेल्फियाने तो नमुना घेतला आणि त्याला गावाच्या हिताची जोड दिली. आमचे घर धोक्यात नसले तरी, गरजू सहनागरिक मंडळीतलाच असल्यासारखे समजून आम्ही धावून जाऊ, असे स्पष्ट कलमही अशा करारांत पुढे आढळते.

या साऱ्या व्यवहारी मजकुरात एक कलम मला विशेष वाटते. सभासद मरण पावला तर त्याच्या विधवेला, ती विधवा म्हणून राहील तोवर, पती हयात असताना मिळाली असती तशीच मदत मंडळीने करायची. तिच्यावर बंधन एकच, बादल्या आणि थैल्या नीट राखून ठेवायच्या. स्त्रीला सभासदत्व नाही, सभेत जागा नाही, पुनर्विवाह केला तर हक्कही नाही. पण बादली तिच्याकडे राहते आणि बादलीच्या आधारे तिचे 'आम्ही'मध्ये असणेही राहते. अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांच्या मनाची उंची आणि मर्यादा दोन्ही या एका कलमात मावल्या आहेत.

पैशाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. फ्रँकलिन आत्मचरित्रात सांगतो की मासिक सभेला गैरहजर राहणाऱ्यांकडून जो दंड जमे त्यातून बंब, शिड्या, आकडे घेतले जात. सभेला न आलेला माणूस अशा रीतीने आपल्या गैरहजेरीने गावाच्या शिडीची एक पायरी घडवी. सभासदांची संख्या मात्र मर्यादित होती. तिसाच्या आसपास माणसे झाली की नव्या इच्छुकांना तुम्ही दुसरी मंडळी काढा, असा सल्ला मिळे. त्यातून १७३८ साली 'फेलोशिप', १७४२ साली 'हँड-इन-हँड', १७४३ साली 'हार्ट-इन-हँड', १७४७ साली 'फ्रेंडशिप' अशा मंडळ्या निघाल्या. नावे पाहिली तरी काळाची भाषा कळते. १७५२ साली याच वर्तुळातून परस्पर अग्निविम्याची संस्था निघाली. एकमेकांची मनगटे धरलेले चार हात हे तिचे चिन्ह विमा उतरवलेल्या घरांच्या भिंतींवर झळकू लागले. या संस्थेने १७८१ साली दारापुढे झाडे असलेल्या घरांचा विमा नाकारला, कारण झाडांमुळे आग विझवायला अडथळा होतो. तेव्हा वृक्षप्रेमी घरमालकांनी १७८४ साली वेगळी संस्था काढली आणि आपले चिन्ह म्हणून झाडच निवडले! बागांनी वेढलेल्या पेनच्या गावाची आठवण यावी असाच हा प्रसंग आहे.

१७८८ साली, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षे आधी, आत्मचरित्राचा हा भाग लिहिताना फ्रँकलिन समाधानी दिसतो. मूळ सभासदांपैकी तो स्वतः आणि त्याच्याहून वर्षाने मोठा असा एक गृहस्थ एवढेच हयात होते. मंडळ्या निघाल्यापासून एका वेळी एक-दोन घरांपेक्षा अधिक नुकसान गावाने सोसलेले नाही आणि पुष्कळदा घर अर्धे जळण्याआधीच आग विझते, अशी ग्वाही तो देतो. पण तो जाताजाता हेही सांगतो की या मंडळ्यांत गावातील बहुतेक मालमत्ताधारक सामील झाले होते. 'आम्ही'चा परीघ मालमत्तेने आखलेला होता. ज्यांच्याजवळ थैलीत भरण्यासारखे काही नव्हते त्यांचे हात रांगेत चालत, त्यांची सही करारावर नसे.

एकोणिसावे शतक उजाडले आणि साधनांनी हा परीघ मोडला. १८०१ साली शहरात नळाचे पाणी आले, १८०३ साली 'फिलाडेल्फिया होज कंपनी' निघाली आणि थोड्याच वर्षांत टाके घालून शिवलेल्या गळक्या नळ्यांच्या जागी रिव्हेटने जोडलेल्या चामडी नळ्या आल्या. बादल्यांची रांग इतिहासजमा झाली. आता हवे होते ते जड गाड्या ओढत धावणारे, पंपाचे दांडे हलवणारे तगडे तरुण. व्यापारी आणि वकील मागे सरले, कारागीर आणि कामगार पुढे आले. लोकशाहीच्या दृष्टीने हा विस्तारच होता. पण त्याबरोबर चुरसही आली. नळाचा तोटा आधी कोण गाठतो यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या. खर्च भागवायला सभासदांची वर्गणी, शेजाऱ्यांकडून देणग्या, नृत्यसमारंभ आणि नगरपालिकेचे अनुदान असे मार्ग निघाले. अनुदान आले की राजकारण येते, तसे ते आले.

१८१८ सालची गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांनी आपली 'आफ्रिकन फायर असोसिएशन' काढली. दुसरी मंडळी काढा हा सल्ला फ्रँकलिनच्या काळापासून सर्वांना मिळत आला होता आणि त्यांनी तेच केले होते. पण गोऱ्या मंडळ्यांनी एकत्र जमून ठराव केला की अशा मंडळीमुळे आगीच्या वेळी नागरिकांच्या शांततेला आणि सलोख्याला बाधा येईल, आहेत त्या मंडळ्या पुरेशा आहेत. तंटा वाढू नये म्हणून कृष्णवर्णीय समाजातील ज्येष्ठांनीच विसर्जनाचा सल्ला दिला आणि संस्था संपली. पाणी होते, हात होते, तयारी होती. नाकारले गेले ते आग विझवण्याचे समान श्रेय.

वीस वर्षांनी याहून कठीण परीक्षा झाली. गुलामगिरीच्या विरोधकांनी मुक्त चर्चेसाठी बांधलेले 'पेनसिल्व्हेनिया हॉल' हे देखणे सभागृह १४ मे १८३८ रोजी उघडले. काळे-गोरे स्त्री-पुरुष एकत्र बसतात हे जमावाला सहन झाले नाही. १६ तारखेला अँजेलिना ग्रिम्केचे भाषण चालू असताना खिडक्यांवर दगड पडत होते. १७ तारखेच्या रात्री सभागृह पेटवण्यात आले. अग्निशामक मंडळ्या आल्या, नळ्या जोडल्या आणि त्यांनी आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारले. सभागृह जळू दिले. पाणी कोठे पडायचे हे या वेळी आगीने ठरवले नाही, जमावाने ठरवले. दुसऱ्या दिवशी जमाव कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमावर चालून गेला, तेव्हा मात्र 'गुड विल' मंडळीच्या माणसांनी आग विझवली आणि आश्रम वाचला. शहर तेच होते, आठवडा तोच होता आणि करारही थोड्याफार फरकाने तेच होते. म्हणून एका घटनेवरून स्वयंसेवेला झोडपणे आणि दुसऱ्या घटनेवरून तिची आरती ओवाळणे, दोन्ही टाळले पाहिजे. स्वयंसेवक हा आपल्या शेजाराचा माणूस असतो, ही त्याची शक्ती आहे. शेजार जे डोळ्यांआड करतो ते त्यालाही दिसेनासे होते, ही त्याची मर्यादा.

पुढील काळात परिस्थिती बिघडतच गेली. १८४४ च्या धर्मद्वेषी दंगलीत मेलेल्या जॉर्ज शिफ्लरच्या नावाने एक नळी-मंडळी निघाली आणि तिचे कट्टर वैर आयरिश वस्तीतील 'मोयामेन्सिंग' मंडळीशी. या दुसऱ्या मंडळीच्या आश्रयाने 'किलर्स' नावाची टोळी वावरत असे. ऑक्टोबर १८४९ मध्ये 'कॅलिफोर्निया हाऊस' या खानावळीवर हल्ला होऊन ती पेटवण्यात आली आणि विझवायला आलेल्यांवरच जमाव तुटून पडला. त्यात एक स्वयंसेवकही मारला गेला. जॉर्ज लिपार्डने याच प्रकरणावर 'द किलर्स' ही कादंबरिका लिहिली. शंभर वर्षांपूर्वी ज्या विषयावर वृद्धाच्या मुखवट्याआडून मिस्कील पत्र लिहिता येत होते तो विषय आता भयकथेच्या हाती गेला होता. अग्निशमनाचा इतिहास आणि गद्याचा इतिहास इथे एकमेकांना स्पर्श करतात.

शेवट अपेक्षितच होता. सिनसिनाटीने १८५३ साली वाफेचा बंब आणि पगारी माणसे स्वीकारली. फिलाडेल्फियाने १८५४ साली भोवतालची गावे शहरात विलीन केली आणि बऱ्याच वादानंतर १५ मार्च १८७१ पासून पगारी अग्निशमन दल सुरू केले. वाफेच्या बंबाला थोडी शिकवलेली माणसे आणि घोडे पुरत, त्यामुळे शेकडो तरुणांची गरजही उरली नव्हती. पगारी माणसाला शेजार नाही, त्याला हुद्दा आहे. हुद्द्याला निदान जाब विचारता येतो.

मोठ्या शहरात संपलेली ही परंपरा लहान गावांत मात्र टिकली, कारण तेथील आकडेमोड वेगळी आहे. वर्षात मोजक्या आगी लागणाऱ्या गावाला चोवीस तास पगारी दल परवडत नाही, आणि आग तर परवडण्याची वाट पाहत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातच आज बहुसंख्य अग्निदले स्वयंसेवी आहेत. त्यांचा संसार ठिगळे जोडून चालतो. गावाची पालिका काही कर देते आणि स्वयंसेवकाला कामावर इजा झाल्यास भरपाईचा विमा तिच्याकडे असतो. राज्याबाहेरील विमा कंपन्यांच्या अग्निविमा हप्त्यांवरील २ टक्के कराचा वाटा स्वयंसेवकांच्या साहाय्यनिधीला जातो. १७५२ साली जुळलेले विमा आणि अग्निशमन यांचे नाते असे अजून टिकून आहे. उरलेले पैसे सकाळच्या न्याहारीचे जेवणावळीसारखे कार्यक्रम, बिंगोचे खेळ, सभागृहाचे भाडे यांतून उभे राहतात. परंतु माणसे कमी होत आहेत. राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटले आहे की १९७० च्या दशकात तीन लाखांच्या आसपास असलेले स्वयंसेवक अडतीस हजारांवर आले आहेत. नोकरीचे गाव वेगळे आणि राहण्याचे वेगळे झाले, प्रशिक्षणाचे तास वाढले, आणि आग विझवणाऱ्यालाच न्याहारीचे तवेही मांडावे लागतात. ही कारणे नैतिक अधःपाताची नाहीत, वेळेची आहेत.

इथे पुन्हा १७३६ च्या करारनाम्याकडे यावेसे वाटते. त्याच्या कर्त्यांनी माणसाच्या चांगुलपणावर सारी भिस्त ठेवली नव्हती. त्यांनी बादल्यांची संख्या लिहिली, थैलीच्या दोरीचा उल्लेख केला, दंड लिहिला, दाराशी पहारा लिहिला. सेवाभाव हा भाव म्हणून राहिला तर पहिल्या उन्हात वाळतो, हे त्यांना कळले होते. त्यांना जे लिहिता आले नाही ते पुढच्या दीडशे वर्षांत घडले : 'सहनागरिक' या शब्दाची व्याख्या. तो शब्द करारात होता, पण त्याखाली कोण येते हे कोणी लिहिले नव्हते. म्हणून १८१८ साली एका समाजाला तो नाकारता आला, १८३८ साली एका रात्री त्याचा विसर पडला आणि दुसऱ्या दिवशी काही माणसांना तो आठवला. जुना करारनामा वाचताना आपण व्याकरणाच्या अंगाने सर्वनाम तपासतो, तेव्हा खरे तर पाणी कोणाच्या घरापर्यंत पोचले असते हे तपासत असतो.